बाळाचे वजन होते, सांभाळणाऱ्याची विचारपूस होते का? (अनुभव धागा)

मी 19 वर्षे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काम करते आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने मुलांचे वजन, उंची आणि दंडघेर नोंदवण्याची सवय गावोगाव लावली, आणि त्या नोंदींमुळे कितीतरी मुले वेळेवर हाती लागली, हे मी स्वतः पाहिलेले आहे. मात्र मुलाला काट्यावर ठेवणाऱ्या बाईला रात्री झोप लागते का, जेवण जाते का, हे लिहिण्याचा रकाना मला या सर्व वर्षांत कधी भरावा लागला नाही.

गावात 'नैराश्य' हा शब्द कोणी उच्चारत नाही. डोके जड होते, जीव घाबरा होतो, हातापायांत त्राण उरले नाही, भूक मेली आहे, कशातच मन लागत नाही, असे बायका सांगतात. त्यावर त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. रक्त खरोखरच कमी असते, त्यामुळे काही सुटून गेले असे कोणालाच वाटत नाही. हातावर पोट असलेल्या घरांत लहान मुले सांभाळताना मनावर जे साचते, ते आई, आजी, वडील, सेविका, आशा अशा सर्वांनी येथे लिहावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अनुभव त्यांना विचारून जवळच्या माणसांनी लिहावेत. नावे व गावे देऊ नयेत.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा

माझा धाकटा भाऊ आणि भावजय दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई घरी राहिली तर अर्धाच कोयता होतो आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्याच हिशेबाने देतो. तान्हे मूल आईबरोबर पाचटाच्या कोपीत जाते. अंगावरचे दूध सुटलेली, परंतु शाळेत न जाणारी मुले आजीच्या पदरात पडतात. माझ्या 66 वर्षांच्या आईजवळ मागच्या हंगामात 2 आणि 4 वर्षांची अशी दोन मुले होती.

मी नोकरीच्या गावी राहतो. एका शनिवारी मुक्कामाला गेलो असताना रात्री मला दिसले की, आईने लुगड्याच्या पदराचे टोक धाकट्याच्या मनगटाला बांधले आहे. काही दिवसांपूर्वी तो पहाटे उठून आईला शोधत वेशीपर्यंत गेला होता, म्हणून तो हलला की आपल्याला ओढ बसावी आणि जाग यावी, अशी तिने केलेली ती सोय होती. मूल झोपेत कूस बदलत होते आणि प्रत्येक ओढीबरोबर ती दचकून उठून बसत होती, त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास पाहत होती आणि पुन्हा आडवी होत होती. पहाटे विचारले तेव्हा ती म्हणाली, "रातभर छातीत धडधड करतंय. लेकराला काई झालं तर सुनंला काय तोंड दावू?"

भावाचा फोन आला की मुले रडून आकांत करत आणि मग दिवसभर जेवत नसत, म्हणून तिने फोन उचलणेच सोडून दिले होते. भावाला वाटत होते की आई आपल्यावर रागावली आहे. मी तिला दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या पोचवत होतो आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजत होतो, याचे मला आज फार वाईट वाटते.

आशा कार्यकर्ती, धारणी तालुका, मेळघाट

बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आम्हाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळ तपासावे लागते. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि तिच्यामुळे बाळे वाचतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आमच्या फॉर्मवर आईविषयीही प्रश्न आहेत. ताप आहे का, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जातो का, आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का, हे आम्ही विचारतो.

माझ्या पाड्यावरची एक कोरकू बाई बाळंतपणानंतर बोलतच नव्हती. असंबद्ध बोलते का, या प्रश्नापुढे मी सहाही भेटींत 'नाही' लिहिले, आणि ते उत्तर खरे होते. बाळ नऊ महिन्यांचे झाले तेव्हा दंडघेराची पट्टी लाल रंगावर आली, म्हणजे दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, जे तीव्र कुपोषणाचे लक्षण असते. मी पोषण पुनर्वसन केंद्रात चल म्हणून आग्रह केला, तेव्हा तिने फक्त मान फिरवली. तेथे 14 दिवस राहायचे म्हणजे घरी दोन मुले कोणाजवळ ठेवायची, हा प्रश्न होताच, परंतु ती भिंतीकडे पाहत बसली होती आणि मांडीवरचे बाळ रडत असूनही तिचा हात त्याच्याकडे जात नव्हता, हे मला त्याहून गंभीर वाटले.

घरच्यांनी तिला आधी भूमकाकडे, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक वैदूकडे, नेले होते. याबद्दल पुष्कळ जण नाक मुरडतात. पण त्याने तिला पाच दिवस पाणी भरू देऊ नका असे सांगितले आणि घरच्यांनी ते ऐकले, एवढी सुट्टी तिला आमच्यापैकी कोणीही मिळवून दिली नव्हती. मी चार-पाच दुपारी नुसती जाऊन तिची वेणी घालत बसले. पाचव्या दुपारी ती बोलली. याआधीचे तिचे मूल वीस दिवसांचे होऊन गेले होते आणि ते कोठे पुरले, हे तिला कोणी दाखवले नव्हते. हेही मूल जाणार, अशी तिची खात्री झाली होती, म्हणून ती त्याला जीव लावत नव्हती. पुढे तिची सासू दोन मुलांजवळ थांबली आणि ती केंद्रात गेली. बाळाचे वजन वाढले. तिचे बोलणे अजून कमीच आहे, पण मी आता तिच्याकडे पट्टीशिवायही जाते.

शेतमजूर आई, नाशिक जिल्हा

वरचे वाचून लिहिण्याचा धीर झाला. तिसरी मुलगी झाली तेव्हा माझ्याजवळ कोणी पेढ्याचे नावही काढले नाही, आणि सव्वा महिना व्हायच्या आत मी पुन्हा कांद्याच्या शेतात खुरपायला गेले. त्याच दिवसांत मुलीला न्हाऊ घालताना मला माझ्याच हातांची भीती वाटू लागली. पाण्याचे घंगाळ दिसले की नको ते विचार येत. हे कोणाला सांगितले तर मला वेडी ठरवतील आणि मुली काढून घेतील, असे वाटून मी गप्प राहिले. शेवटी नणंदेला एवढेच म्हणाले की, माझ्याच्याने हिला न्हाऊ घालवत नाही. तिने एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी येऊन मुलीला न्हाऊ घातले आणि आठवड्याने मला सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्या आठ महिने घेतल्या. असे विचार येणे हा आजाराचा भाग असतो, तुम्ही वाईट आई नाही, असे तेथे सांगितले गेले, ते मला आजही जसेच्या तसे आठवते. मुलगी आता पहिलीत आहे.

मातांबरोबर काम करणारी कार्यकर्ती, गोवा

वर नाशिकच्या ताईंनी लिहिले आहे त्याला संशोधनाचा आधार आहे. गोव्यात 270 मातांचा एक अभ्यास झाला, जो 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मुलगी जन्मणे या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. त्यांतील बहुतेक जणींचे मन गरोदरपणातच खचलेले होते, म्हणजे विचारपूस बाळंतपणापर्यंत लांबवण्याचे कारणच नाही.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून मातांच्या नैराश्यावर बोलण्याचे उपचार देण्यात आले आणि त्याचा चांगला परिणाम 2008 साली प्रसिद्ध झाला. पुढे गोव्यात तीच पद्धत स्थानिक सामान्य बायकांच्या मदतीने वापरली गेली. माझा स्वतःचा अनुभव असा आहे की, पहिल्या भेटीत सासूबाईंना बाहेर बसवले तर दुसऱ्या भेटीला दार उघडत नाही. मी आता आधी त्यांच्याशीच बोलते. त्यांच्या बाळंतपणात त्यांना काय झाले होते, हे विचारते. अनेकदा पहिले रडू तेथेच फुटते.

वडील, जव्हार तालुका

बायको वारली तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. वीटभट्टीवर त्याला बरोबर नेले आणि विटांच्या रांगेआड सावलीत ठेवून काम केले. गावात मातांच्या बैठका होतात, त्यांत पुरुषाला बोलावत नाहीत आणि मलाही जायला संकोच वाटला. दारू वाढली होती, ती मुलाच्या तापाच्या एका रात्री घाबरून सोडली. एवढेच लिहितो.

समुदाय आरोग्य अधिकारी, यवतमाळ जिल्हा

ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मी तो भिंतीवर लावला, प्रत्येक बाईला सांगितला. तरी फोन कोणी केला नाही. कारण साधे होते. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि तो मिळाला तरी बोलायचे कोठे? आता लसीकरणाच्या दिवशी मी उपकेंद्रातली आतली खोली मोकळी ठेवते, बाळ आशाताईंच्या मांडीवर देते आणि माझ्या फोनवरून त्यांना बोलू देते.

आमच्याकडे नैराश्याच्या तपासणीचे नऊ प्रश्न असतात आणि ते गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारायचे असतात. "दोन आठवड्यांत मन उदास होते का" याला सगळ्या बायका "नाही" म्हणत. "मागच्या दोन आठवडी बाजारांपासून काही गोड लागत नाही, असे होते का" असे विचारू लागल्यापासून उत्तरे मिळू लागली.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा (पुन्हा)

वरील भगिनींचा बाजाराचा प्रश्न मी परवा आईला विचारला. ती प्रथम म्हणाली, "आता इचारायलास व्हय?" आणि मग अर्धा तास बोलत राहिली, तेवढ्या वेळात दोनदा दूध उतू गेले. तिला गोळ्या नकोत, पैसे नकोत, आठवड्यातून दोन रात्री सलग झोप हवी आहे. या हंगामात शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही मुले आमच्याकडे आणायची असे माझ्या पत्नीने व मी ठरवले आहे. भावाला फोन रात्री मुले झोपल्यावर करायला सांगितले आहे, आणि काल आईने तो उचलला.