हिवाळाभर शिडाच्या बोटीवर मुक्काम: हीटर आधी की इन्सुलेशन?

गलबतवाला
नमस्कार मंडळी. फायबरग्लासची ३४ फुटी शिडाची बोट आहे. येत्या हिवाळ्यात दोघं जण बोटीवरच राहणार, बोट पाण्यातच, धक्क्याला बांधलेली. धक्क्यावर २३० व्होल्ट, १६ अँपिअरचं कनेक्शन मिळेल. रात्री पारा उणे ८-१० पर्यंत उतरतो. बोटीवर सध्या एलपीजीची दोन बर्नरची शेगडी आणि २०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, हीटर नाही. डिझेलवर चालणारा गरम हवेचा हीटर घ्यायचं डोक्यात आहे. २ किलोवॉटचा घ्यावा की ४? बॅटऱ्याही लिथियम कराव्यात का? एका वेळी एकच मोठं काम झेपेल, म्हणून क्रमही सांगा.

डोलकाठी
आधी इन्सुलेशन. खरा त्रास थंडीचा नसून पाण्याचा असतो. दोन झोपलेली माणसं रात्रभरात अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. त्यात स्वयंपाक: एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. केबिनमध्ये २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) १२ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे १२ च्या खाली असलेली प्रत्येक गोष्ट ओली होणार: हलची (बोटीच्या बाहेरच्या कवचाची) आतली बाजू, खिडकीची फ्रेम, डेकवरच्या फिटिंगच्या बोल्टची टोकं, गादीची खालची बाजू. उघड्या फायबरग्लासवर कितीही मोठा हीटर लावा, भिंती गळतच राहतात.

क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा) नायट्राइल रबराचा फोम घ्या, १९ ते २५ मिमी जाडीचा, आग न पसरवणाऱ्या वर्गातला. ग्लासवूल नको, ती पाणी धरून बसते. पॉलिस्टायरिनही नको, बहुतेक कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हमधलं सॉल्व्हंट त्याला विरघळवतं. पृष्ठभागावरचा सुटा रंग ८० नंबरच्या पॉलिशपेपरने काढा, ॲसिटोनने पुसा. हॅचेस (डेकवरची झाकणं) उघड्या ठेवा आणि जवळपास कुठलीही ज्योत नको, पायलट लाइटसुद्धा नको. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. ओला असताना चिकटवला तर महिन्याभरात वरच्या कडेपासून सुटायला लागतो. तुकडे मापापेक्षा २-३ मिमी मोठे कापा, म्हणजे सांधे एकमेकांवर दाबून बसतील. त्या सांध्यांनाही गोंद आणि वरून त्याच फोमची टेप. हे का, तर केबिनची दमट हवा फोमच्या मागे शिरली की तिथेच पाणी होतं, बुरशी धरते आणि ती दिसतही नाही.

खाली पाणरेषेच्या जरा खालपर्यंत गेलात की पुरे, बिल्ज (बोटीचा सगळ्यात खालचा, पाणी साचणारा तळ) मोकळं ठेवा. सीकॉक (हलमधल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) आणि चेनप्लेट (डोलकाठीचे ताण धरणाऱ्या पट्ट्या) झाकू नका, त्यांची तपासणी करता आली पाहिजे. बोल्टच्या टोकांवर फोमच्या काढता येतील अशा टोप्या बसवा. लॉकरच्या मागच्या बाजू विसरू नका, बुरशीची सुरुवात तिथूनच होते. हॅचला आतून ३ मिमी ॲक्रिलिकचा दुसरा पडदा, मध्ये १२-१५ मिमी अंतर, कडेला मॅग्नेटिक पट्टी. सुटकेचा मार्ग असलेल्या हॅचचा पडदा मात्र एका हिसक्यात निघालाच पाहिजे. गादीखाली जाळीदार मॅट किंवा पट्ट्या, आणि बर्थच्या फळीला भोकं.

सुकाणू_धरा
वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यातूनच हीटरच्या मापाचं उत्तर मिळतं. इन्सुलेशन नीट केलेल्या ३४ फुटी बोटीत ४ किलोवॉटचा हीटर बहुतेक वेळ मंद चालेल, आणि मंद ज्योतीवर बर्नरमध्ये काजळी साचते. मग स्टार्ट होताना धूर आणि शेवटी लॉकआउट, म्हणजे हीटर स्वतःलाच बंद करून घेतो. २ किलोवॉटचा दमात चालतो आणि पूर्ण ज्योतीवर तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल खातो. कडाक्याच्या रात्रीसाठी धक्क्याच्या विजेवर एक ऑइल रेडिएटर जोडीला ठेवा. कुठलाही घेतलात तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास फुल्लवर चालवा.

बसवताना घोळ होतात ते असे:

वायर. ग्लो पिन (डिझेल पेटवणारी तापती कांडी) तापत असताना पहिली काही मिनिटं ८-१० अँपिअर लागतात. वायर बारीक असेल तर हीटरपाशी व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही हीटर सुरू होत नाही. जाण्या-येण्याची मिळून ८-१० मीटर लांबी असेल तर ६ चौरस मिमीच्या खाली जाऊ नका. फ्यूज बॅटरीजवळ.

डिझेल. टाकीत हीटरसाठी वेगळी पिकअप नळी टाका, तळापासून थोडी वर. बारीक नायलॉन नळी आणि रबराचे फक्त छोटे जोड. जोडात दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, नाहीतर तिथे बुडबुडा साचतो. पंप तिरका बसवा, बाहेर पडणारं तोंड वर. उन्हाळी डिझेल टाकीत राहिलं तर थंडीत त्यातलं मेण फिल्टर बंद करतं, तेव्हा थंडीआधीच हिवाळी डिझेल भरा.

एक्झॉस्ट. इथे काटकसर नको. ट्रकसाठीच्या स्वस्त किटमधला सायलेन्सर सांध्यांतून गळतो. गाडीखाली ते चालतं, लॉकरमध्ये ते जिवावर बेतू शकतं. गॅस-टाइट सायलेन्सर, स्टेनलेसची नळी, वर उष्णतारोधक गुंडाळी आणि हलच्या फिटिंगआधी वर चढणारं वळण, म्हणजे लाटेचं पाणी उलटं शिरणार नाही.

आणि बंद करताना हीटरच्याच बटणावरून. मेन स्विच पाडला तर पंखा थांबतो आणि चेंबर थंड न होता तसाच तापलेला राहतो.

लंगर_टाकला
धक्क्यालाच राहायचं असेल तर थेंबाथेंबाने डिझेल सोडणाऱ्या स्टोव्हचा विचार का नको? टाकी उंचावर असेल तर वीज शून्य, आवाज नाही, आणि ज्वलनाची हवा केबिनमधून घेत असल्यामुळे दमट हवा चिमणीतून ओढून बाहेर टाकतो. अडचण चिमणीची. नीट ओढ मिळायला सव्वा ते दीड मीटर नळी लागते, शक्यतो सरळ. ३४ फुटी बोटीत केबिनच्या उंचीत ती बसत नाही, म्हणून डेकच्या वर वाढीव तुकडा. ओढ कमी पडली तर ज्योत पिवळी आणि सगळीकडे काजळी. मागच्या बल्कहेडवर (बोटीतल्या आडव्या भिंतीवर) स्टेनलेसचा पत्रा, मध्ये २५ मिमी हवेचं अंतर. सलूनमध्ये (मधल्या मुख्य केबिनमध्ये) मस्त ऊब, पुढची केबिन मात्र थंड. छोटा १२ व्होल्टचा पंखा लावावा लागतो.

दोन्हीपैकी काहीही घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, ईएन ५०२९१-२ हा बोटींसाठीचा मानक पाहून. झोपायच्या जागी, उशीच्या उंचीला. एलपीजी हवेपेक्षा जड, त्याचा सेन्सर खाली बिल्जपाशी. शेगडी पेटवून केबिन गरम करायची नाही.

भरती_ओहोटी
वीज आणि पाण्याचं राहिलं.

१६ अँपिअर म्हणजे साधारण ३.७ किलोवॉट. २ किलोवॉटचा फॅन हीटर आणि २ किलोवॉटची किटली एकत्र लावलीत की मर्यादा ओलांडली, ब्रेकर पडू शकतो. तासन्‌तास लोड चालू असताना धक्क्याकडचा आणि बोटीकडचा, दोन्ही प्लग हात लावून बघा. गरम लागला तर पिना सैल किंवा गंजलेल्या आहेत, बदला. वीज महिनोन्‌महिने जोडलेली राहणार असेल तर अर्थ वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (त्या वायरमधून वाहणारा, धातू झिजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) घाला, नाहीतर शेजारच्या बोटींच्या संगतीने तुमचे झिंक (बाकीचा धातू वाचवायला लावलेले जस्ताचे तुकडे) संपतील.

लिथियमची घाई नको. शून्याखाली चार्ज केल्या तर सेलमध्ये लिथियम धातूचा थर बसतो आणि ते नुकसान कायमचं. धक्क्यावर वीज असताना लेड-ॲसिड पुरतात. शून्य अंशाला त्यांची क्षमता साधारण पाचवा हिस्सा घटते एवढंच. मात्र भरलेल्या ठेवा, रिकामी बॅटरी गोठून फुटते.

डेकवरचे आणि कॉकपिट लॉकरमधले पाइप आधी गोठतात, कीलमधली (तळाच्या कण्यातली) टाकी सहसा नाही. इंजिनच्या समुद्री पाण्याच्या बाजूला प्रॉपिलिन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) ओढून घ्या. एथिलिन ग्लायकॉल विषारी, पिण्याच्या पाण्याजवळ नको. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यात पाणी अडकतं आणि गोठलं की तो फुटतो. बंद ठेवायच्या व्हॉल्व्हमध्ये ग्लायकॉल असू दे. बर्फ पडला की कॉकपिटच्या मोऱ्या रोज मोकळ्या करा.

गलबतवाला
भारी माहिती, धन्यवाद. इन्सुलेशनपासून सुरुवात करतो. एक शंका: एवढं सगळं करून व्हेंट उघडेच ठेवायचे? बाहेर धुकं असतं तेव्हाही?

डोलकाठी
हो. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत फार तर ५ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७. म्हणजे धुक्यातली हवासुद्धा आत येऊन तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. एक व्हेंट शेगडीच्या वर, एक पुढच्या केबिनमध्ये.

डीह्युमिडिफायर घेणार असाल तर डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणाऱ्या) प्रकारचा घ्या. कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर थंड केबिनमध्ये बर्फ धरतो. डीह्युमिडिफायर चालू असताना आत काहीच जळत नसेल तरच व्हेंट अर्धे मिटा. शेगडी किंवा स्टोव्ह पेटलेला असेल तर पूर्ण उघडे.