एकटा पगार आणि घरात पोरं: खान्देशातल्या एकट्या आई-बापांनो, आपापला हिशोब सांगा

घरखर्च कसा वाचवायचा यावर जे काही वाचायला मिळतं ते सगळं नवरा-बायको दोघं कमावतात असं धरूनच लिहिलेलं असतं. रविवारी आठवडाभराच्या भाज्या करून ठेवा म्हणे. अहो, जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लाईट कधी जाईल भरवसा नाही, रविवारची भाजी मंगळवारी उघडली की वास येतो. म्हणून म्हटलं आपल्याकडच्या एकट्या आई-बापांनीच लिहावं, जळगाव धुळे नंदुरबार कुठलेही असा, विधवा, विधुर, घटस्फोटित, सोडून गेलेले, कारण सांगितलंच पाहिजे असं काही नाही. फक्त जे खरंच करता ते लिहा, करायला पाहिजे ते नको.

आधी माझं सांगते. जळगावच्या दाणा बाजारात एका दुकानात हिशोब लिहिते, मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, घर भाड्याचं. सुरुवातीला मी दर महिन्याचं बजेट करायची आणि दर महिन्याला ते मोडायचं, कारण आपल्याकडचा खर्च महिन्याचा नसतोच, वर्षाचा असतो. मार्च ते मे मध्ये गहू, दादर (आपल्याकडची रब्बी ज्वारी), तूरडाळ, तिखट, हळद सगळं वर्षाचं भरायचं, त्यातच कुरडया-पापड, त्यातच कूलरचं बिल, त्यातच आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी येणार, आणि ते संपत नाही तोवर जूनमध्ये वह्या-पुस्तकं-गणवेश-रिक्षा. बाकीचे महिने मग बरे जातात आणि आपल्याला वाटतं आपण फार छान बचत करतो. आता मी सगळा मोठा खर्च एका कागदावर मांडते, बाराने भागते आणि तेवढे पगाराच्या दिवशीच बाजूला काढते. आमची दुकानातल्या बायकांची भिशी आहे त्यात चिठ्ठी माझ्यासाठी टाकूच नका, मला एप्रिलचा नंबर द्या असं आधीच सांगून ठेवलंय, दिवाळीचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो त्यामुळे एप्रिलवर कोणी भांडत नाही.

दादरवाली, चोपडा

ताई एप्रिलच्या नंबरचं एकदम पटलं. मी दवाखान्यात नर्स आहे, खाजगी, नाईट असते, मुलगा आईजवळ झोपतो. आई नसती तर ही नोकरीच करता आली नसती हे आधीच सांगते, म्हणजे माझ्या बचतीत तिचाही पगार धरा जो मी देत नाही.

आमच्या घराची बचत खरं म्हणजे धान्यात आहे. दादर आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतो, तापीकाठच्या काळ्या जमिनीतली, पावसाच्या ओलीवर येणारी. दुकानात किलो किलोने घेतली तर महाग पडते आणि भाकर पण तशी होत नाही. तीन घरं मिळून घेतो म्हणजे गाडीभाडं वाटलं जातं. गव्हाला एरंडेल तेल चोळून ठेवते, हाताला लागेल इतकंच, आणि दादर कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून. रेशनचं धान्य मिळतं ते वेगळं, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, २०२३ पासून तेही फुकट, त्यातला तांदूळ आम्ही खिचडीला आणि इडलीला लावतो.

आणि खायचं म्हणाल तर आपल्या खान्देशात गरिबीत पण चांगलं खाता येतं असं माझं मत आहे. ज्वारीत उडीद टाकून दळून आणायचे, मीठ दळतानाच, झाला कळणा. कळण्याची भाकर, ठेचा, वरून कच्चं तेल, कांदा फोडायचा. पोरगा पिझ्झा मागतो ते वेगळं, पण ह्या ताटाला पण नाही म्हणत नाही. भाजीला काही नसलं तर पातोड्या, डुबुकवडे, घरात बेसन असलं की झालं. हिवाळ्यात वांगी स्वस्त झाली की भरीत, आणि भरीत एकट्या घराने करायचंच नाही, गल्लीत मिळून काड्या पेटवायच्या आणि सगळ्यांनी आपापली वांगी आणायची.

दोन पोरींचा बाप, जळगाव एमआयडीसी

बाप लोकांनी लिहिलेलं चालतं ना? चटईच्या कंपनीत आहे, तीन पाळ्या. मिसेस जाऊन काही वर्षं झाली. पोरी आठवीत आणि पाचवीत.

मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते पोळ्यांच्या बाईवरून. नातेवाईक म्हणतात पोरी मोठ्या झाल्या आता, शिकव त्यांना, कशाला पैसे घालू राहिला. मी नाही शिकवू राहिलो, म्हणजे येईल तेवढं येतंच त्यांना, पण रोज सकाळी शाळेच्या आधी बारा-पंधरा पोळ्या लाटायला आठवीच्या पोरीला लावायचं आणि वरून त्याला काटकसर म्हणायचं हे मला जमत नाही. बाईंना देतो ते पैसे मी बाकीकडून काढतो. गाडी बंद केली, कंपनीच्या बसने जातो. तंबाखू सोडली, हे लिहायला सोपं आहे फक्त. मोबाईल घरात एकच रिचार्जवाला, दुसरा वायफायवर शेजाऱ्यांच्या, त्यांना मी लाईटची कामं करून देतो.

आधी माझा असा प्रकार होता की पहिली पाळी सुटली की दमून यायचो आणि शेवभाजीचं पार्सल. आठवड्यातून दोनदा-तीनदा. चौघांत... तिघांत म्हणजे, तेवढ्या पैशात महिन्याचा किराणा निम्मा येतो. मग शेव किलोने आणायला लागलो आणि काळा मसाला बहिणीकडून वर्षाचा. रस्सा वीस मिनिटात होतो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, आई किंवा बाप वारलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, घटस्फोटितांच्या मुलांना पण बसते, महिन्याला २,२५० रुपये एका मुलाला. महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात अर्ज. मला वाटायचं ती फक्त अनाथ मुलांसाठी असते. ते पैसे मी घरखर्चात धरतच नाही, पोरींच्या नावाने पोस्टात. आणि दोन विमे बँकेतून आपोआप कापले जातात, ४३६ वाला जीवनाचा आणि २० वाला अपघाताचा, दोन्ही २ लाखाचे, वर्षाचे. मे अखेर कापतात तेव्हा खात्यात पैसे ठेवायचे. आपल्यासारख्यांना हे सगळ्यात आधी करायला पाहिजे कारण आपल्यामागे दुसरा नाहीये.

धुळ्याची

दादा पोळ्यांच्या बाईचं वाचून बरं वाटलं. मला उलटं ऐकावं लागतं, एकटी बाई आणि कामाला बाई ठेवते.

माझी पोटगी कागदावर आहे. येते तेव्हा येते. म्हणून पहिला नियम हा की पोटगी शून्य धरायची, आलीच तर मुलाच्या खात्यात, खर्चाला नाही. मी कापडाच्या दुकानात आहे, आधी पगार फारच कमी होता, वर्षाचे लाखाच्या आत, त्यामुळे मुलाला आरटीईमधून चांगल्या शाळेत पहिलीला नंबर लागला. कोर्टाचा निकाल आणि माझ्या एकटीच्या उत्पन्नाचा दाखला, ही दोन कागदं तयार ठेवा, ऐनवेळी तहसीलला गर्दी असते. फी लागत नाही पण बाकी सगळं लागतं, बूट, बस, गॅदरिंगचा ड्रेस, आणि आता तो सातवीत आहे, आरटीई आठवीपर्यंतच असतं, नववीची फी मी चौकशी करून आले आणि दोन दिवस झोप नाही. तेव्हापासून फी भरतेय असं समजून दर महिन्याला आरडीत टाकते. म्हणजे नववीत एकदम धक्का नको. ज्यांची मुलं आत्ता दुसरी-तिसरीत आहेत त्यांनी आत्ताच सुरू करा.

दुसरं, ज्यावर कोणी बोलत नाही ते म्हणजे आहेर. लग्नसराईत माझं कंबरडं मोडायचं. खान्देशात नातं सांभाळायचं म्हणजे वरात, हळद, साखरपुडा, बारसं, डोहाळे, कानबाईचे रोट, कुठेच मोकळ्या हाताने जाता येत नाही. मी आता वहीत लिहून ठेवते कोणी मला काय दिलं, तेवढंच परत, आणि आलेले टॉवेल-टोप्या, साड्या फिरवते. होय, फिरवते, सगळेच फिरवतात. लांबच्या लग्नाला एसटीने, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलगा बाराच्या आत होता तोवर त्याचंही अर्धं, आम्ही दोघं मिळून एका तिकिटात. आता त्याचं पूर्ण लागतं.

भुसावळ, रेल्वे

मी अनुकंपावर लागले, त्यामुळे माझा पगार पक्का आहे, बाकीच्यांएवढी ओढाताण नाही, तरी लिहिते कारण पक्क्या पगाराचे वेगळे प्रश्न असतात. सगळ्यांना वाटतं हिच्याकडे पैसा आहे. दीर, भाचा, शेजारीण, सगळे उसने मागतात आणि मी एकटी म्हणून नाही म्हणायला कोणाचं नाव पुढे करता येत नाही. नवरा असता तर ‘ह्यांना विचारते’ म्हणाले असते! आता मी ‘साहेब रजेवर आहेत, सोसायटीचं कर्ज कापतंय’ असलं काहीतरी सांगते.

नवऱ्याचे आलेले पैसे मी जास्त व्याजासाठी एका पतसंस्थेत ठेवले होते, निम्मे अडकले, अजून मिळाले नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे किती घरांत झालंय ते काही सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. दोन टक्के जास्त कुठून येतात ते विचारा. मी आता पोस्ट आणि सरकारी बँक सोडून कुठे जात नाही, मुलीचं सुकन्या आहे, वर्षाला किमान २५० भरले तरी खातं चालू राहतं त्यामुळे तंगीच्या वर्षात फार जीव जात नाही. खातं मात्र मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं.

आणि एक विरोधी मत. धाग्यात सगळे कापाकापीचं सांगू राहिलेत, पण उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून बिल वाचवू नका. भुसावळला मी एक वर्ष ते केलं, पोरगी आजारी पडली, सलाईनला गेले ते बिलाच्या तिप्पट.

दादरवाली, चोपडा

कूलर बंद नाही करायचा पण एकाच खोलीत सगळ्यांनी झोपायचं ना. १०० युनिटच्या वर गेलं की पुढचा दर चांगलाच चढतो. आम्ही मे महिन्यात एका खोलीत राहतो अक्षरशः, अभ्यास पण तिथेच, जेवण पण तिथेच. पाण्याला माठ, फ्रीज मी लहानच घेतला.

नंदुरबार

माझी आई असती तर तिला लिहायला लावलं असतं, तिला लिहिता येत नव्हतं. ती मिरचीच्या पथारीवर जायची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, नंदुरबारच्या बाहेर लाल मिरची वाळत घातलेली असते, मैदानच्या मैदान लाल, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. तिथे बसून देठं खुडायची, वजनावर पैसे. हाताची आग रात्री पण जात नाही, आई कणकेचा गोळा धरून बसायची आणि मला डोळ्याला हात लावू द्यायची नाही. वडील लवकर गेले, मी आणि बहीण.

तिचं बजेट म्हणजे हिवाळा. दिवाळीच्या मागेपुढे पथारी सुरू होते ते उन्हाळ्यापर्यंत, नंतर पावसाळ्यात निंदणी मिळाली तर मिळाली. तर हिवाळ्यातल्या पैशातून ती पावसाळ्याचा किराणा आधी दुकानदाराकडे जमा करून ठेवायची. लोक उधारी करायचे, ही उलटी उधारी. दुकानदार हसायचा, पण आषाढात आमच्याकडे तेल असायचं. मी घाबरलो की म्हणायची, कसाले चिंता करस, बठ्ठं व्हई जाई (कशाला काळजी करतोस, सगळं होऊन जाईल). तिला स्वतःला चिंता होती हे मला आता कळतं, रात्री डबे हलवून बघायची ते.

मी आता नोकरीला आहे सुरतेला, आणि खरं सांगतो, किराणा संपत आला की मला अजून धडकी भरते, गरज नसताना दोन महिन्यांचा भरतो. माझी बायको वैतागते.

जळगाव (धागा सुरू करणारी)

दादा, तुमच्या आईची ती आधी पैसे भरायची पद्धत मी माझ्या किराणावाल्याला विचारून बघणार आहे, आगाऊ दिले तर भावात काही सोडतो का ते.

लाडकी बहीणचे १,५०० मलाही येतात. इथे कोणाला निराधार योजनेचे येत असतील तर ते धरूनच बघा, दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. ते पैसे आले की खर्च होतात हे माझंच घर सांगतंय, म्हणून मी ते गॅस आणि मुलाच्या शिकवणीला बांधून टाकलेत.

दोन पोरींचा बाप

शिकवणीवरून आठवलं, मोठीला बारावीनंतर काय याची भीती आहे. मुलींना २०२४ पासून व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, ८ लाखाच्या आत उत्पन्न असलं तर, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी वाल्यांना. पण राहायचं-खायचं आपलंच ना. पुण्याला पाठवली तर मेस आणि खोली मिळून किती धरायचं महिन्याला? ज्यांची मुलं शिकतायत त्यांनी खरा आकडा सांगा. आणि धुळ्याला किंवा जळगावलाच ठेवली तर एसटीच्या पासवर होईल का, बारावीपर्यंत मुलींना पास फुकट आहे तेवढं माहीत आहे, पुढचं माहीत नाही.

धुळ्याची

पुढे विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो दादा, तिसरा हिस्सा भरावा लागतो. आमच्या दुकानातल्या एकीची मुलगी शिरपूरला तशीच जाते, सकाळची गाडी पकडायला तिला पाचला उठावं लागतं. मेसचं मी तिच्या मोठ्या बहिणीला विचारून सांगते, ती पुण्याला आहे. तोवर पोरीला भाकरी नाही तरी वरण-भात आणि एक भाजी शिकवून ठेवा, खोलीवर स्वतः करणाऱ्या पोरींचं निम्म्यात भागतं म्हणे.