गर्दुल्ला, नशेडी, व्यसनी... केसपेपरवर लिहायचं तरी काय?

नाइटड्यूटी:
कोल्हापुरात एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात असते, दवाखान्याचं नाव नको. परवा एका पोराला दोस्तांनी रिक्षातनं आणलं तर दारातच आमचे वॉर्डबॉय मामा म्हणाले "गर्दुल्ला हाय, ठेवा कोपऱ्यात, उतरंल", मग केसपेपरवर पण तेच आणि सकाळी पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना पण तेच. शिवीसारखा न वाटणारा मराठी शब्द आहे का? व्यसनी, नशेखोर सगळेच टोचतात.

पेठेतला:
ताई, गर्द म्हणजे फारसीत धूळ, भुकटी. त्यावरनं ब्राऊन शुगरला गर्द म्हणायला लागले आणि घेणारा झाला गर्दुल्ला, शब्द मूळचा मुंबईकडचा. आता गोळ्या घेतलेल्याला पण गर्दुल्लाच म्हणत्यात, म्हणजे पदार्थ गेला आणि हेटाळणी तेवढी उरली. त्यापेक्षा आपला जुना गांजेकस बरा, त्यातला कस म्हणजे कश, ओढणारा, निदान काय ओढतो ते तरी कळतंय. बाकी कोल्हापुरात कुस्तीचा, फुटबॉलचा नाद असला की छाती फुगते, पण "पोरगं नादाला लागलंय" म्हटलं की घरच्यांची मान खाली, शब्द तोच.

डॉक्टरकाका:
पदार्थ गेला हे भावानं बरोबर पकडलं, आम्हाला तेच तर हवं असतं. अफूच्या जातीचं काही घेतलं असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावतो, तिथं नॅलोक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा लागतो आणि त्याचा असर कधी कधी मूळ नशेच्या आधीच संपतो म्हणून पेशंट उठून बसला तरी नजर ठेवावी लागते. सगळ्यात घातक शब्द मला विचाराल तर "उतरंल" हाच. दारूचा वास येतोय म्हणून झोपवून ठेवलेल्याच्या डोक्यात रक्तस्राव असू शकतो, नाहीतर साखर उतरलेली असते. आणि रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येते, भ्रम होतो, त्याला वॉर्डात "नाटकं करतोय" म्हणतात.
शब्दानं फरक पडतो का? अमेरिकेत जॉन केली यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसिक आरोग्यात काम करणाऱ्यांना एकाच माणसाची माहिती दिली होती, निम्म्यांना त्यात नशेबाज अशा अर्थाचा शब्द आणि निम्म्यांना आजार असलेली व्यक्ती असा. नशेबाज वाचलेल्यांनी त्याला जास्त दोषी धरलं. शिकलेल्या लोकांचं हे, मग आपल्या मामांना काय बोलायचं.

बिनधास्त९:
गोड बोलून काय होतंय ओ? सलाईन उपटत्यात, सिस्टरच्या अंगावर धावून येत्यात, ते पण लिहा की.

नाइटड्यूटी:
दादा खरंय, माझ्यावर पण आलेत. मग तसंच लिहायचं, "सलाईन उपटली, शिवीगाळ केली". श्वास कोंडलेला माणूस पण असाच झटापट करतो, नुसतं नशेडी लिहिलं की पुढच्या ड्यूटीवाला जवळच जात नाही.

डॉक्टरकाका:
सरकारी थाटाचं "पदार्थवापर विकारग्रस्त व्यक्ती" रात्री दोनला कोण लिहिणार, मी तरी नाही. मराठीत क्रियापद आहे ना, "पेशंटनं संध्याकाळी इंजेक्शन घेतलं, कशाचं ते माहीत नाही, श्वास मिनिटाला 8", यात नाम कुठं लागलं?

पेठेतला:
पण दोस्त सांगत्यात कुठं काय घेतलं ते? पोलीस येतील म्हणून पोराला दारात सोडून पळत्यात.

डॉक्टरकाका:
येतात भावा, एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस झाली की पोलिसांना कळवावंच लागतं, ते लपवून उपयोग नाही. पण आधी उपचार आणि मग कागद, हे सुप्रीम कोर्टानं 1989 लाच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, सरकारी-खाजगी दोघांना. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले मानसिक त्रास आजारातच धरलेत. म्हणून दोस्तांना सांगायचं की बाबांनो पाकीट, सिरिंज, गोळ्यांची पट्टी जे असेल ते आणा, मला नावापेक्षा ती पट्टी बघायचीय.

नाइटड्यूटी:
काका, क्रियापदवालं वाक्य ओव्हरबुकात पहिल्या पानावर चिकटवते. मामांशी चहाला बोलते, ते तसे ऐकतात.