रस्त्याच्या कडेला लाल-निळे दिवे दिसले की तुम्ही काय करता?

माझी भाची सध्या शिकागोत गाडी शिकते आहे. तिचा प्रश्न असा, की पोलिसाने दुसऱ्याला थांबवलंय, मग वेग मी का कमी करायचा? पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ‘मूव्ह ओव्हर’ कायदा आहे. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात, दिवे लावून पोलीस किंवा अँब्युलन्स उभी असेल तर तिच्या लगतची लेन सोडायची, ते जमत नसेल तर वेग उतरवायचा. सुरुवात साउथ कॅरोलायनाने १९९६ मध्ये केली. आमच्या इलिनॉयमध्ये याला ‘स्कॉट्स लॉ’ म्हणतात. स्कॉट गिलन हे शिकागो अग्निशमन दलातले लेफ्टनंट. डिसेंबर २००० मध्ये डॅन रायन एक्सप्रेसवेवर एका अपघातस्थळी काम करताना त्यांना गाडीने उडवलं. आता पहिल्याच वेळचा दंड २५० पासून १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पण प्रत्यक्ष रस्त्यावर, भरधाव गर्दीत, हे कसं जमवता? लिहा मंडळी.

अठराचाकी
मी ट्रक चालवतो. केबिन उंच, त्यामुळे दिवे मला कारवाल्यांच्या बरेच आधी दिसतात. दिसले की लगेच इंडिकेटर, आरसा, आणि जागा मिळताच डावीकडे. भरलेला ट्रक ८०,००० पौंडांचा, त्याला ऐनवेळी काही करता येत नाही. खरी डोकेदुखी पुढे आहे. मी लेन सोडली की मागच्या कारवाल्याला वाटतं, उजवी लेन मोकळी झाली, वा! आणि तो माझ्या उजवीकडून सुसाट, थेट त्या पोलिसाला घासून. माझ्या धुडामुळे त्याला पुढचं काहीच दिसलेलं नसतं. तेव्हा कारवाल्यांनो, पुढचा ट्रक विनाकारण लेन बदलतोय असं वाटलं तर कारण असणारच असं समजा आणि त्याच्या मागेच राहा.

टेक्सासची माई
आमच्याकडे फ्रीवे कमी, दोनपदरी गावरस्ते जास्त. समोरून गाड्या येत असताना पिवळी रेघ ओलांडून ‘मूव्ह ओव्हर’ करणारे पाहिलेत मी! कायदा असं कुठेच सांगत नाही. जागा नसेल तर टेक्सासमध्ये लिहिलेल्या वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैल कमी करायचे, म्हणजे ७५ च्या रस्त्यावर ५५. मला मात्र हा नियम अर्धाच पटतो. मागे कोणी चिकटून येत असेल तर ७५ वरून ५५ वर येताना छातीत धस्स होतं. पोलिसाला वाचवायला जाऊन मीच चेपायची.

नॉर्थ व्हर्जिनियाकर
व्हिसावरच्या मंडळींनी हे नीट वाचा. आमच्या राज्यात निळे दिवे लावून थांबलेल्या पोलिसाला जागा दिली नाही तर ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ धरलं जातं, म्हणजे क्लास वनचा फौजदारी गुन्हा. साधं तिकीट भरून मोकळं होण्याची बाब नाही, कोर्ट आणि वकील आलेच. माझा एक सहकारी त्यातून गेलाय. लेन रिकामी होती, तो फोनवर बोलत होता, एवढंच कारण.

सुमेधा_टॅम्पा
मी दुसऱ्या बाजूने सांगते, शोल्डरवरून. टायर फुटला म्हणून आम्ही इंटरस्टेट हायवेच्या कडेला, हझार्डचे लुकलुकणारे दिवे लावून, टो ट्रकची वाट बघत. प्रत्येक ट्रक गेला की गाडी अख्खी हलायची. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या. टोवाला आला तो रस्त्याकडच्या बाजूला फिरकलाच नाही, सगळी बटणं पलीकडून दाबली. बरेच पोलीससुद्धा याच कारणाने पॅसेंजरच्या खिडकीशी येतात, तेव्हा थांबवलं गेलं तर तीही काच खाली करा. फ्लोरिडाने जानेवारी २०२४ पासून हझार्ड लावून उभ्या असलेल्या साध्या गाडीलाही या कायद्यात घेतलंय. बाकीच्या राज्यांतल्या लोकांनी आपापला नियम बघा, हे सगळीकडे सारखं नाही.

शंकासुर
पोलीस डाव्या शोल्डरवर असेल तर?

अठराचाकी
मग उजवीकडे सरकायचं. त्याच्या लगतची लेन सोडायची, बाजू कुठलीही असो. मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर तो पलीकडे असेल तर मात्र तुमचा संबंध नाही. तिथे बघ्यांचे ब्रेक लागतात आणि विनाकारण रांग लागते.

बे एरियातला बापू
वेग आपोआप राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलवर विसंबणाऱ्यांसाठी. पुढच्या गाडीशी अंतर राखणारं क्रूझ चालत्या गाड्या चांगल्या ओळखतं, उभ्या गाडीचा भरवसा नाही. टेस्लाच्या ऑटोपायलटची सरकारी चौकशी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली ती थांबलेल्या आपत्कालीन वाहनांवर गाड्या आदळल्यामुळेच. रात्री तर ते दिवे इतके डोळ्यांवर येतात की शेजारी उभा माणूस दिसतच नाही. मी दिवे दिसले की क्रूझ बंद करतो. बायको म्हणते अती करतोस. करू दे.

अठराचाकी
माई, तुमची भीती खोटी नाही. पण वेग एकदम उतरवू नका. ६५ ला गाडी सेकंदाला ९५ फूट जाते, म्हणजे पाव मैलावर दिवे दिसले तरी हातात चौदा-एक सेकंद आहेत. आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, मग ब्रेकला दोनदा हलका पाय लावा. मागचे दिवे लुकलुकले की चिकटलेलाही जरा मागे सरतो. नाहीच सरला तर तुम्ही आणखी हळूहळू उतरवा, त्याच्यासाठी वेग वाढवू नका.