बोलेरोचे दोन टायर बदलायचे आहेत: नवे पुढे बसवावेत की मागे?

पालशेतचा प्रवासी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०१९ साली घेतलेली बोलेरो असून तिचे पाचही टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. माप २१५/७५ आर १५, आतापर्यंतची धाव ४६,००० किलोमीटर. आठवड्यातून एकदा चिपळूण आणि महिन्यातून दोनदा वडिलांच्या उपचारांसाठी कुंभार्ली घाटाने कराड, असा तिचा ठरलेला प्रवास. गेल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस भुरभुरत असताना घाट उतरत होतो आणि एका वळणावर गाडीची मागची बाजू बाहेरच्या अंगाला सरकली. वेग जेमतेम तीस होता आणि समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. परंतु मागे बसलेल्या वडिलांनी दाराची मूठ धरली ती चिपळूण येईपर्यंत सोडली नाही.

घरी आल्यावर टायरांच्या खाचांत आगपेटीची काडी उभी घातली, नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजले. मागच्या दोन्ही टायरांत २ मिमी खोली उरली आहे. पुढच्यांत मध्यभागी ४.५ मिमी आहे, पण बाहेरच्या कडेला ३ मिमीच. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असून ती एकदाही रस्त्याला लागलेली नाही. इतक्या वर्षांत चाकांची अदलाबदल मी एकदाही केली नाही, ही चूक माझीच.

टायरच्या दुकानात सांगितले की दोन नवे टायर पुढे बसवा आणि पुढचे मागे टाका, कारण स्टिअरिंग पुढच्या चाकांना असते. हे योग्य आहे का? शिवाय स्टेपनी कोरीच असल्याने एकच नवा टायर घेऊन मागची जोडी पुरी करता येईल का? आणि आमची गाडी मागच्या चाकांच्या ओढीवर चालणारी असल्यामुळे अदलाबदलीचा क्रम इतर मोटारींपेक्षा वेगळा असतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवाट

दोनच टायर घेणार असाल तर नवे दोन्ही मागेच बसवावेत, आणि याबाबतीत दुकानदाराचे ऐकू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. टायर कंपन्याही हाच सल्ला देतात, मग गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असो की मागच्या.

त्याचे कारण तुम्ही स्वतः अनुभवले आहे. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते; ते भीतीदायक असले तरी चालकाच्या ते लगेच लक्षात येते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागच्या चाकांची पकड सुटली तर मात्र गाडी स्वतःभोवती फिरू पाहते, तिला सावरण्यासाठी स्टिअरिंग उलट दिशेला आणि नेमके तेवढेच वळवावे लागते, आणि कुंभार्लीसारख्या घाटात एका अंगाला कडा व दुसऱ्या अंगाला दरी असताना त्यासाठी लागणारी जागाही नसते आणि वेळही नसतो.

तुमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो तेव्हा इंजिन गाडीला रोखून धरते. पण हा रोध मागच्या चाकांच्या ओढीवर चालणाऱ्या गाडीत फक्त मागच्या दोन चाकांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतो. त्यात सामान नसेल तर बोलेरोचा मागचा भाग हलका, खाली स्प्रिंगचे कडक पाटे आणि खाचांत २ मिमी खोली. अशा वेळी वेग तीस असला तरी चाक घसरू शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिमी खोल हवी, आणि खाचेच्या तळाशी असलेले लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती मर्यादा संपली असे समजावे. परंतु नवीन टायरमध्ये साधारण ८ मिमी खोली असते आणि चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम याच खाचा करतात, त्यामुळे रत्नागिरीसारख्या, वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात १.६ पर्यंत वाट पाहणे मला धोक्याचे वाटते. ३ मिमीला टायर बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या हिशेबाने तुमच्या पुढच्या टायरांची कडही शेवटाला आली आहे. शक्य असेल तर चारही बदला.

स्टेपनी आणि एक नवा अशी जोडी करू नका. रबर न वापरताही वयाने कडक होते, आणि मागच्या दारावर इतकी वर्षे ऊन व खारे वारे सोसलेल्या टायरची ओल्या रस्त्यावरील पकड नव्या टायरसारखी असणार नाही. एका अ‍ॅक्सलवरील (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीतील) दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारख्याच झिजेचे असावेत. व्यास वेगळे असतील तर डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या यंत्रणेला, सरळ रस्त्यावरही अखंड काम करावे लागते.

बंदरावरचा

घाटवाट यांच्याबद्दल आदर आहे, पण माझे मत वेगळे आहे. मी पंचवीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि नवे टायर नेहमी पुढेच बसवत आलो आहे. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जाते. जुना टायर पुढे ठेवून हा धोका का पत्करावा?

घाटवाट

बंदरावरचा, आपली काळजी रास्त आहे, मात्र टायर फुटण्याची कारणे निराळी असतात. कमी हवेवर गाडी पळवल्याने बाजूची भिंत तापते, खड्ड्याच्या धारेवर आदळून आतील धागे तुटतात, भिंतीवर चीर किंवा फुगवटा येतो, किंवा टायर फार जुना होतो. असा टायर पुढेही नको आणि मागेही नको, तो गाडीवरूनच उतरवावा. धडधाकट पण थोडा झिजलेला टायर पुढे असला तर त्याचा परिणाम स्टिअरिंगवर जाणवतो, चालकाला आधीच सूचना मिळते. मागचा टायर अशी सूचना देत नाही.

जांभा चिरा

अदलाबदलीच्या क्रमाविषयी लिहितो. मागच्या चाकांच्या ओढीवर चालणाऱ्या गाडीत मागची दोन्ही चाके आपापल्या बाजूनेच सरळ पुढे येतात आणि पुढची दोन्ही तिरकी मागे जातात, म्हणजे पुढचे डावे मागे उजवीकडे आणि पुढचे उजवे मागे डावीकडे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारींत याच्या नेमके उलट, पुढची सरळ मागे आणि मागची तिरकी पुढे. सर्व टायर एकाच वयाचे असतील तर स्टेपनीही या फेऱ्यात घ्यावी: पुढचे उजवे चाक स्टेपनीच्या जागी टांगावे आणि स्टेपनी मागे डावीकडे लावावी. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरका क्रम चालत नाही, चाके त्याच बाजूला पुढे-मागे करावी लागतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला हे करावे.

घरी करणार असाल तर एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून विस्ताराने सांगतो. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून हलणार नाही, असे समजू नका. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला गिअर धरून ठेवत नाही. हँडब्रेक घट्ट ओढावा, जागा सपाट असावी आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावावा. अटकावासाठी अंगणातला जांभ्याचा चिरा चालेल. पण गाडीला आधार म्हणून तोच चिरा चॅसीखाली कधीही ठेवू नका. वरून भक्कम दिसणारा चिरा वजनाखाली कोपऱ्यातून सुटतो, आणि त्याचा लाल भुगा हातात येईपर्यंत गाडी खाली आलेली असते.

आपल्याकडे खाऱ्या हवेने रिम हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) गंजून चिकटते, त्यामुळे चाक काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून घ्यावेत. नट समोरासमोरच्या क्रमाने हाताच्या पान्याने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

घाटवाट

जांभा चिरा यांचा क्रम बरोबर आहे, पण पालशेतचा प्रवासी, दोनच टायर घेतल्यास सध्या तो वापरू नका, नाहीतर झिजलेले टायर पुन्हा मागे जातील. पुढची जोडी संपली की आणखी दोन नवे घेऊन ते मागे आणि आत्ताचे पुढे, असे करा. तसेच पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आधी आतून बाहेर व मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखे लागले तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषेतली जुळणी, बिघडलेले आहे. ते न करता पुढे नवे टायर बसवले तर तेही तसेच झिजतील.

नारळीची सावली

विकत घेताना टायरच्या भिंतीवरील चार अंकी खूण स्वतः वाचा. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. आयएसआय चिन्ह पाहा, मापाशेजारचा भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि बॅलन्सिंगबरोबर व्हॉल्व्हही नवे घाला.

पालशेतचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. तळहात फिरवून पाहिला; बाहेरून आत येताना बोटांना स्पष्ट अडले. काल चिपळूणला दोन नवे टायर मागे बसवून घेतले आणि समोर उभे राहून अलाइनमेंट करून घेतले. दुकानदारांनी आधी हरकत घेतली, पण उतरवलेल्या मागच्या टायरच्या खाचेत काडी घालून दाखवल्यावर त्यांनी ते मान्य केले. पुढची जोडी मे महिन्यात, पावसाआधी बदलणार आहे. स्टेपनीवरची खूण १४१९ निघाली, तिला केवळ अडीअडचणीपुरते ठेवतो. परवा कराडची फेरी आहे. चिपळूणला थांबून नट पुन्हा आवळेन आणि मगच घाट चढेन.