मन सगळीकडे सारखंच असतं का?

प्रश्न: मानसशास्त्र वाचायला घेतलंय आणि एक गोष्ट सारखी डोक्यात घोळतेय, प्रयोग करायचे कॉलेजच्या मुलांवर आणि निष्कर्ष लावायचा अख्ख्या माणूसजातीला, हे चालतं कसं? संस्कृतीमुळे नुसत्या सवयी बदलतात की बघणंसुद्धा?

प्रतिसाद १: बघणंसुद्धा! मासुदा आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा २००१ मधला प्रयोग वाच. पाण्याखालचा ॲनिमेटेड सीन दाखवला तर अमेरिकन मुलं आधी मोठ्या माशाबद्दल बोलली, जपानी मुलांनी बऱ्याचदा सुरुवात केली ती 'तळं असावं' अशी. मला भारी वाटलं ते पुढचं, तोच मासा वेगळ्या बॅकग्राउंडवर दाखवल्यावर जपानी मुलांना ओळखायला जड गेला, म्हणजे मासा आणि आजूबाजूचं पाणी डोक्यात एकत्रच साठलेलं.

प्रतिसाद २: म्युलर-लायरच्या रेघा पण. लांबी सारखीच, फक्त टोकांचे बाण उलटसुलट, तरी एक रेघ लांब वाटते. १९६६ ला छापलेल्या अभ्यासात अमेरिकन लोक चांगलेच फसले, आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान नावाचे आदिवासी जवळपास नाहीच.

प्रतिसाद ३: सगळं पटतं, पण प्लीज 'जपानी असे, अमेरिकन तसे' असा शिक्का नका मारू, या सरासऱ्या आहेत, एकाच देशातली दोन माणसंही केवढी वेगळी असतात.

प्रश्नकर्ता: मासा आणि पाणी एकत्र साठलेलं, हे वाचून थांबलोच. थँक्स सगळ्यांना, आजच शोधून वाचतो.