वळणावर झुकणारी गाडी: मागे जाड स्टॅबिलायझर बार बसवावा का?

घाटवाट (पुणे)

माझं मत आधीच सांगतो. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी घाटात नीट वळावी असं वाटत असेल, तर पहिला खर्च मागच्या स्टॅबिलायझर बारवर करावा. अलॉय, लोअरिंग स्प्रिंग, बॉनेटखालचा स्ट्रट बार हे सगळं नंतर.

ज्यांनी गाडीखाली कधी वाकून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा बार म्हणजे यू आकाराची स्प्रिंग स्टीलची दांडी. मधला भाग रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशात नुसता फिरतो, काहीच करत नाही. वळणात एक बाजू दबते आणि दुसरी उचलली जाते, तेव्हा तो पिळला जातो, आणि तो पीळ गाडीला झुकू देत नाही. म्हणजे सरळ रस्त्यावर स्प्रिंग मऊ राहतात आणि कडकपणा फक्त वळणात मिळतो. कडक स्प्रिंग टाकून हे जमत नाही, तिथे प्रत्येक खड्डा पाठीला कळतो.

जाडीचा हिशोबही बघा. भरीव बारचा पीळ-विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीचा बार काढून २२ मिमीचा टाकला की तो सुमारे ४६ टक्के जास्त कडक होतो. नुसत्या दोन मिलिमीटरमध्ये!

कंपन्या गाडी मुद्दाम अशी जुळवतात की मर्यादा ओलांडली तर ती नाकाने वळणाबाहेर जावी, म्हणजे अंडरस्टिअर. सर्वसाधारण चालकासाठी ते बरोबर आहे. पण ताम्हिणीत नेहमी जाणाऱ्या, गाडी समजून चालवणाऱ्या माणसाला स्टिअरिंग वळवूनही नाक न वळणारी गाडी का सहन करावी लागावी? माझ्या पोलोला मागे बार बसवल्यापासून नाक सांगितलं तिथे जातं. तुमचं मत काय?

कुंभार्लीचा पाऊस (चिपळूण)

पूर्ण असहमत, आणि कारण सविस्तर सांगतो, कारण हा विषय जिवाशी येतो.

वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जातं हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळण किती जोरात घेतलंय यावर ठरतं. बार त्यात जवळजवळ काही बदलत नाही. तो एवढंच ठरवतो की त्या वजनातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. आता टायरचा स्वभाव असा की त्याच्यावरचं वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत एक चाक फार दबलेलं आणि दुसरं फार हलकं, त्या जोडीची एकूण पकड घटते. मागे जाड बार टाकून तुम्ही नेमकं हेच मागच्या चाकांचं करता. नाक वळतं, कारण शेपूट सुटायच्या जवळ आलेली असते.

आता जुलैमधला कुंभार्ली घाट डोळ्यांसमोर आणा. डांबरावर पाण्याचा पापुद्रा, कडेला दरडीची लाल माती. वळण वाटलं त्यापेक्षा आवळत जातं आणि माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. सोडल्यासोड वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. कंपनीच्या जुळणीत अशा वेळी बाहेर जाणारं नाक उलट परत आत येतं, म्हणजे घाबरलेल्या माणसाची चूक गाडी पोटात घालते. तुमच्या जुळणीत मागचा भाग फिरतो. तो सावरायला स्टिअरिंग उलटं आणि मोजून मारावं लागतं. घरच्या गाडीत बसून किती जणांना ते येतं? आणि गाडी कायम तुम्हीच चालवणार का? भाऊ, मुलगा, ड्रायव्हर, उद्या ती विकत घेणारा माणूस, यांना कोण सांगणार की मागे काय बसवलंय?

घाटवाट

मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण अर्धाच आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. गाडी झुकली की बाहेरचं पुढचं चाक बाहेरच्या काठावर उभं राहतं आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला टेकत नाही. मागचा बार संपूर्ण गाडीचं झुकणं कमी करतो, त्यामुळे पुढचं चाक सपाट राहतं आणि तिथे पकड खरोखर मिळते. म्हणजे मागचं काढून पुढे दिलं इतकाच हा व्यवहार नाही.

शिवाय ४६ टक्के आकडा बारचा आहे, गाडीचा नाही. समजा मागच्या बाजूच्या एकूण रोल-विरोधात (झुकण्याला होणाऱ्या विरोधात) बारचा वाटा एक तृतीयांश असेल, बाकीचा स्प्रिंगचा, तर एकूण वाढ १५ टक्क्यांच्या आसपास येते. तेवढ्याने शेपूट हवेत जात नाही.

बुश आणि लिंक (सांगली, स्वतःचं गॅरेज)

दोघेही शिकलेले आहात, पण गाडी वर घेऊन कोणी बघितली का?

माझ्याकडे "गाडी झुलते हो, जाड स्टॅबिलायझर टाका" म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकींचा मूळचाच बार काम करत नसतो. लिंक रॉडच्या बॉलचं रबर फाटलेलं, ग्रीस गळून गेलेलं, आत माती. बुश लंबगोल झालेले. बार पिळायला लागायच्या आधीच तो ढिलेपणात फिरतो, म्हणजे सुरुवातीचं झुकणं फुकट जातं. अशा गाडीला नुसत्या दोन लिंक आणि दोन बुश टाकले की गिऱ्हाईक विचारतं, काय केलंत?

घरी ओळखायची खूण सांगतो. स्पीडब्रेकर सरळ ओलांडा, दोन्ही चाकं एकदम. मग तोच तिरपा ओलांडा, एक चाक आधी. सरळ जाताना शांत आणि तिरपं जाताना पुढून "टक टक" आलं तर लिंककडे आधी बघा, कारण बारला पीळ तिरपं जातानाच बसतो. मग गाडी चाकांवर उभी असताना लिंक हाताने धरा आणि दुसऱ्याला गाडी डावी-उजवी हलवायला सांगा. बॉलमधला खेळ बोटाला लागतो.

त्यानंतर टायर बघा, अलाइनमेंट बघा, शॉकअप गळतायत का बघा. हे सगळं ठणठणीत असूनही समाधान नसेल, तर मग जाड बारचं बोलू. जुनी गाडी घेऊन थेट नवा बार मागणाऱ्याला मी नाहीच म्हणतो.

सहप्रवासी (महाड)

मी गाडी चालवत नाही, मागे बसते. आमच्याकडे सासूबाई आणि धाकटी, दोघींना घाट लागतो. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला येईपर्यंत पिशवी हातात. गाडी कमी झुलली तर त्यांचा त्रास कमी होईल का, एवढं कोणी सांगेल का? कारण इथे सगळं चालवणाऱ्याच्या बाजूने चाललंय.

कुंभार्लीचा पाऊस

ताई, प्रश्न अगदी योग्य. गुळगुळीत घाट असेल तर झुकणं कमी झाल्याने थोडा फरक पडू शकतो. पण आपले रस्ते कडेला तुटलेले. बार दोन्ही चाकांना बांधून ठेवतो, त्यामुळे डावं चाक खड्ड्यात गेलं की धक्का उजवीकडेही पोचतो आणि अख्खी बॉडी चटकन आडवी हलते. मागे बसलेल्याचं डोकं खिडकीकडे जातं. बार जितका जाड तितका हा हिसका मोठा. लागणाऱ्या माणसाला संथ झुलणं जास्त वाईट की असे हिसके, हे माणसागणिक बदलतं. खात्रीचा उपाय चालवणाऱ्याच्या पायात आहे: वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, समोर रस्ता दिसला की बरं वाटतं.

पाटे आणि खडक (नाशिक)

आमच्या बाजूचं कोणीच बोललं नाही. डोंगरात कच्च्या वाटेवर जाणाऱ्याला हा बार जितका कमी तितका बरा. एक चाक खडकावर चढलं की दुसरं खाली लोंबून जमीन धरायला हवं. बार ते लोंबू देत नाही. चाक हवेत गेलं की साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचात) ताकद त्याच हवेतल्या चाकाला जाते आणि गाडी जागेवर फिरत बसते.

जीपने रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सोडवायची सोय दिली ती याचसाठी. वाटेवर सोडायचा, डांबरावर परत जोडायचा. त्या डिझाइनरांनी दोन्ही गरजा ओळखल्या. आमच्यातले काही जण लिंक काढून ठेवतात आणि तशीच गाडी हायवेवर आणतात. ते मात्र अत्यंत चूक. उंच गाडी, पुढे बार नाही, ऐनवेळी लेन बदलायची वेळ आली तर काय होईल ते सांगायला नको.

नेकारकाठ (जर्मनी, स्टुटगार्टजवळ)

"झुकणं म्हणजे वाईट" आणि "बार म्हणजे सुरक्षितता" ही दोन्ही समीकरणं अपुरी आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाच्या अडथळा चुकवण्याच्या चाचणीत नवी मर्सिडीज ए-क्लास उलटली होती. कंपनीने सस्पेन्शन बदललं, पण त्याबरोबर सगळ्या ए-क्लासमध्ये ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) घातलं. एकट्या दांडीवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. उलट त्याच दशकात सित्रोएनने झांशिया ॲक्टिव्हामध्ये बारला हायड्रॉलिक सिलिंडर जोडून झुकणं जवळजवळ संपवलं, आणि ती फॅमिली कार त्या चाचणीत भल्याभल्या स्पोर्ट्स गाड्यांना भारी पडली. आता आउडी एसक्यू७ सारख्या गाड्यांत ४८ व्होल्टची मोटर बारचे दोन अर्धे एकमेकांविरुद्ध पिळते आणि सरळ रस्त्यावर मोकळे सोडते. म्हणजे घाटवाट म्हणतात ती इच्छा खरी आहे, अभियंते तिच्यावर तीसेक वर्षं काम करतायत.

पण इथे जाड बार टाकायचा तर त्या पार्टचा चाचणी-अहवाल लागतो, तपासनीस गाडी वर घेऊन जोडणी बघतो आणि गरज असेल तर गाडीच्या कागदांत नोंद होते. बसवणं दोन तासांचं, कागद त्याहून जास्त वेळ खातात. मला ते पटतं. माझ्या शेजारून १६० ने जाणाऱ्या गाडीखाली कोणी काय घट्ट केलंय, हे कोणीतरी बघितलेलं असावं.

कलमदान (मुंबई)

आपल्याकडची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. स्टॅबिलायझर बार आरसीवर लिहिलेला नसतो, म्हणून बरेच जण बिनधास्त असतात. मी तसं राहणार नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. दावा करायच्या वेळी सर्व्हेयर गाडीखाली बघतो.

घाटवाट

लेखी कळवण्याचा सल्ला योग्य, तो प्रत्येकाने पाळावा.

बुश आणि लिंक, तुमच्या क्रमाशी मी सहमत आहे: आधी मूळचं सगळं ठीक, मग नवा बार. पण कुंभार्लीचा पाऊस यांना विचारतो, अंडरस्टिअर सुरक्षित असं तुम्ही कोणत्या वळणावर म्हणताय? घाटात डावीकडच्या वळणावर नाक बाहेर गेलं तर ते समोरून येणाऱ्या एसटीच्या लेनमध्ये जातं. उजवीकडच्या वळणावर कठड्याकडे. मर्यादेच्या पलीकडचं सोडा, मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे, रोजच्या वेगात, नेमकी वळणारी गाडी आपल्या लेनमध्ये राहते. मला बार हवा तो यासाठी, वेगासाठी नव्हे.

कुंभार्लीचा पाऊस

रोजच्या वेगात कोणतीही ठणठणीत गाडी आपल्या लेनमध्ये राहते. राहत नसेल तर वेग रोजचा नाही. तुम्ही ज्याला नेमकेपणा म्हणता तो स्टिअरिंगला मिळणारा झटपट प्रतिसाद आहे, आणि तो आवडणं मी समजू शकतो. पण त्याचा एक तोटा आहे. झुकणारी गाडी चालकाला आधी सांगते की आता पुरे. झुकणं काढून टाकलं की ती सूचना जाते, टायरची मर्यादा मात्र होती तिथेच राहते. तेवढे पैसे चांगल्या टायरवर घाला. ओल्या रस्त्यावर थांबायलाही उपयोगी पडतील, बार थांबायला काही मदत करत नाही.

बुश आणि लिंक

टायरचं शंभर टक्के बरोबर.

तरी बसवायचाच असेल त्यांच्यासाठी. एक, मागे अखंड ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांत, पोलोसारख्या, ती बीम स्वतःच बारचं काम करते. जादा बार तिच्या दोन हातांमध्ये बोल्टने बसतो. त्यासाठी बीमवर वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने बीमचा कस जातो आणि चीर तिथूनच पडते. दोन, लिंकचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. चाकं लोंबत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. तीन, पॉलियुरेथेन बुश असतील तर सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर महिन्याभरात करकर सुरू. चार, टोकाला दोन भोकं असलेला बार घ्या. बाहेरच्या भोकात हात लांब, म्हणून बार मऊ. आतल्या भोकात कडक. सुरुवात बाहेरच्या भोकातून करा, मोकळ्या मैदानात ओल्या जमिनीवर कमी वेगात गाडी वळवून बघा, आणि पावसाळाभर आतल्या भोकाला हात लावू नका.

कुंभार्लीचा पाऊस

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकी माझा विरोध कायम.

घाटवाट

माझा बार सध्या आतल्याच भोकात आहे. रविवारी बाहेरच्या भोकात घेतो आणि तोच ताम्हिणीचा रस्ता पुन्हा करतो. फरक काय पडतो ते इथेच लिहीन.